किरकिर माझी, विसर त्यांचा

माझ्यावर कुणी विश्वासच ठेवला नाही. मालकिणीने नाही, वाढप्याने नाही, आचाऱ्याने नाही. माझी सख्खी बहीण त्याच दाराला माझ्या खाली लटकलेली असते, तिनेसुद्धा नाही. ज्याला त्याला विचारा, उत्तर एकच : "हिच्यामुळेच झालं."

मी बिजागरी बोलतेय. खानावळीच्या भटारखान्याचं जे दार आहे ना, त्याची वरची बिजागरी. खालची ती बहीण. ती आवाज करत नाही म्हणून गुणाची. दाराची सगळी ओढ वरच्या बिजागरीला बसते, खालचीला नुसता टेकू द्यायचा असतो, हे कुठल्याही सुताराला विचारा. पण विचारतंय कोण? जी राबते ती किरकिरी, आणि जी टेकून बसते ती गुणाची. तुमच्या घरातही असंच असेल, बघा एकदा.

जन्माचं फार काही सांगण्यासारखं नाही. लोखंड वितळलं, साच्यात पडलं, गार झालं आणि मी झाले. पहिली नेमणूक प्राथमिक शाळेत, चौथीच्या वर्गाच्या दाराला. म्हणून माझं शिक्षण चौथीपर्यंत. चौथी किती वेळा केली ते विचारू नका. पाचवीचा वर्ग माडीवर होता, आणि दार सोडून जिना चढायची आमच्यात पद्धत नाही.

पण त्या चौथीत मी एक गोष्ट अशी शिकले की ती मास्तरांनासुद्धा कळली नाही. वर्गाच्या एका बाजूला उघडं गटार होतं. गटाराचा भपकारा आला की पोरं "शीऽऽ" करायची, नाक दाबायची, आणि पाढा दुप्पट जोराने ओरडायची. एक आकडा चुकायचा नाही. आणि दुसऱ्या बाजूच्या रस्त्यावरून आइस्क्रीमची गाडी जायची. तिची घंटी वाजली, किणकिण, किणकिण, की "सात सक्के..." आणि तोंडं उघडीच. बेचाळीस कुठे गेले? गाडीमागे गेले!

मास्तर भडकायचे. पण कुणावर? माझ्यावर! "या दाराच्या किरकिरीने मुलांचं लक्ष उडतं," म्हणाले. मी कंठशोष केला, अहो खिडकी लावा, खिडकी! त्यांनी खिडकी लावली नाही, दार बदललं. पुढे मला कळलं की आइस्क्रीम मास्तरांनाही आवडायचं.

तिथून मी आणि बहीण भंगारवाल्याकडे. पाय मोडलेल्या खुर्च्या, नळाच्या तोट्या, एक कान तुटलेली कढई, असला शेजार. एके दिवशी एक बाई आल्या. पदर खोचलेला, कपाळाला आठी. त्यांनी मला उचललं, उघडून मिटून पाहिलं. मी ओरडले.

भंगारवाला सरळ माणूस. म्हणाला, "बाई, ही ओरडते हं. आधीच सांगतो."

बाई म्हणाल्या, "मीपण ओरडते. द्या."

त्या दिवसापासून ही बाई मला आवडली. पुढे तिने माझ्याशी जे केलं ते केलं, तरी आवडते. बायकांचं असंच असतं.

तर ही तिची खानावळ. पुढे बाकं आणि टेबलं, मागे भटारखाना, मधे मी. गल्ल्यावर बाई. भटारखान्यात आचारी, अंगाने भरलेला आणि शब्दाने कंजूस. आणि वाढायला बाईचा थोरला भाऊ, सगळ्यांचा दादा. बाईला सगळी दुनिया बाईच म्हणते. दादासुद्धा गिऱ्हाइकांसमोर तिला "अहो बाई" म्हणतो. घरचं एक लाडाचं नाव आहे तिचं, पण ते खानावळीत तोंडातून काढायचं नाही अशी तिने त्याला गळ्याची शपथ घातलेली. ते नाव कुणी ऐकलं, तर आचारी उद्यापासून तिला भिणार नाही, असं तिचं म्हणणं.

या खानावळीत एक रीत होती. कागद नाही. कोणी काय मागितलं ते लिहायचं नाही, डोक्यात धरायचं आणि आत जाऊन ओरडायचं. बाई आणि दादाचे वडीलही वाढपीच होते, त्यांच्यापासूनची ही रीत. दादा टेबलापाशी हात मागे बांधून उभा राहायचा. सगळ्यांचं ऐकायचा. लोक मुद्दाम त्याला गोंधळवायचे. "माझं ते रद्द, ह्याचं तेच मला, आणि माझं होतं ते त्याला." दादा पापणीसुद्धा हलवायचा नाही. पुटपुटत दाराशी यायचा, हातात ताटं असली तर कमरेने दार ढकलायचा, मी किंचाळायचे, तो म्हणायचा, "मर मेली!" आणि मग खणखणीत आवाजात, "ऐका हो आचारी!" आणि धडाधड सगळं. बाहेर जाताना पायाच्या बोटाने दार ओढायचा, मी परत किंचाळायचे, तो परत म्हणायचा, "मर!" असा आमचा संसार.

माझं किंचाळणं त्याला आवडायचं असं नाही. पण रस्त्यात कुत्रं अंगावर भुंकलं की आपण हातातली पिशवी घट्ट धरतो की नाही? तसं व्हायचं. मी भुंकले की दादा डोक्यातली पिशवी घट्ट धरायचा. इतक्या वर्षांत एक अंडं इकडचं तिकडे झालं नाही.

मग समोर बेकरी उघडली.

बेकरीतून गरम पावाचा वास सुटायचा आणि आमच्याकडे वळलेली पावलं अर्ध्या रस्त्यातून तिकडे वळायची. बाई गल्ल्यावर बसून दात खायची. एका सकाळी उठली आणि म्हणाली, "वासाला वासाने उत्तर द्यायचं."

भटारखान्याची मागच्या भिंतीची मोठी शेगडी तिने आचाऱ्याला पुढे ओढायला लावली, थेट दाराला लागून. तिच्यावर रुंद तवा, तव्यात लोणी, लोण्यात बारीक चिरलेला कांदा, उघडल्यापासून बंद करेपर्यंत. आणि शेगडीमागे एक टेबलपंखा, तोंड गिऱ्हाइकांकडे.

आचारी म्हणाला, "बाई, शेगडी दारात? येणाऱ्या-जाणाऱ्याला चटका बसेल."

"बसू दे चटका. गिऱ्हाईक बसतंय का ते बघा."

गिऱ्हाईक बसलं! रस्त्यावरून लोक नाकाला दोरी बांधल्यासारखे आत यायला लागले. बेकरीवाला दारात येऊन आमच्याकडे बघत उभा राहायचा. बाई खूश, आचारी खूश. आणि त्याच दिवसापासून दादाचं डोकं बिघडलं.

पहिला बळी चष्मेवाला. समोरच्या फुटपाथावर चष्मे विकतो, रोज येतो, रोज एकच मागतो : उकडलेलं अंडं आणि कोरा चहा. दादा दाराशी आला, "अंडं उकडून, चहा कोरा" असं पुटपुटतच आला, मी माझ्या कानांनी ऐकलं. दार उघडलं. आणि लोण्यातला कांदा त्याच्या नाकात शिरला. दादाचं नाक वर झालं, डोळे अर्धे मिटले, झोपेत हसणाऱ्या तान्ह्या बाळासारखं हसू आलं तोंडावर. मी किंचाळले. त्याला "मर" म्हणायचंसुद्धा सुचलं नाही. आणि म्हणाला काय? "ऐका हो आचारी! एक कांद्याचं ऑम्लेट!"

चष्मेवाल्याने ताटाकडे पाहिलं. "दादा, मी अंडं मागितलं होतं."

दादा म्हणाला, "मग हे काय आहे?"

मग शिंपीण. तिने दाढ काढून घेतली होती, गाल चेंडूएवढा. बोटाने खुणा करून तिने सूप मागितलं. तिला आलं कांद्याचं ऑम्लेट आणि कडक भाजलेला पाव. ती बिचारी बोलूही शकेना, नुसती डोळ्यांनी शिव्या देत बसली. तव्यात कांदा असला की सगळ्यांना ऑम्लेट. कधी आचाऱ्याने त्यावर मासा टाकला की सगळ्यांना मासा.

आचारी एकदा म्हणाला, "दादा, आज झाडून सगळे मासाच खातायत?"

"लोकांची आवड बदलली," दादा म्हणाला.

मी सगळं बघत होते. मागणं उंबऱ्यापर्यंत शाबूत यायचं आणि उंबऱ्यावर सांडायचं. मी जास्तीत जास्त जोराने किंचाळायला लागले. मी ओरडत होते त्याला जागं करायला, आणि लोकांना वाटलं मी ओरडते म्हणून तो झोपतो!

शेवटी बाईने दादाला गल्ल्यापाशी उभं केलं. "दादा, काय चाललंय काय तुमचं? लोक मागतात एक, येतं एक. वडिलांचं नाव घालवणार?"

दादा लाजेने लाल. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि मग वर बघितलं. माझ्याकडे. "ही," म्हणाला. "डोक्यात सगळं नीट बसलेलं असतं, आणि ही मेली नेमकी कानात किंचाळते. सगळं उडून जातं."

झालं. सगळ्यांना पटलं. चष्मेवाल्याने मान डोलावली, शिंपिणीने सुजलेला गाल डोलावला. आचारी म्हणाला, "माझ्यापण कानात दडे बसतात." माझी बहीण खालून चूप. मी तुम्हाला सांगते, जे नकोसं असतं त्याच्यावर आळ घ्यायला माणसाला काही विचार करावा लागत नाही. हवंहवंसं असतं त्याच्यावर कोण संशय घेईल? कांद्याने काय वाईट केलं कुणाचं? तो तर किती छान वास देतो!

मग माझे उपचार सुरू झाले. आधी साबण चोळला. मग मेणबत्ती. मग आचाऱ्याने मासे तळून उरलेलं तेल आणून पळीने माझ्या सांध्यात ओतलं. माशाच्या तेलाने का होईना, माझा आवाज गेला. दार मऊसूत उघडायला लागलं. बाई म्हणाली, "आता बघा कसं सगळं आठवतं ते."

बघितलं ना. दुसऱ्याच दिवशी बघितलं.

एक कुटुंब आलं. सासू, सून, मुलगा. सासू म्हातारी, डॉक्टरांनी तिच्या खाण्यावर पहारा बसवलेला. सुनेने दादाला समोर उभं करून बजावलं, "नीट ऐका. सासूबाईंना कांदा नको, लोणी नको, तळलेलं नको. मऊ भात द्या. कळलं ना? कांदा नको, लोणी नको, तळलेलं नको."

"कळलं हो ताई," दादा म्हणाला आणि निघाला. मी वरून ऐकत होते, "कांदा नको, लोणी नको, तळलेलं नको, मऊ भात." एकदम बरोबर! मी ओरडायला गेले, आवाजच फुटेना. दार उघडलं. वास आला. दादाचे डोळे मिटले. आणि ते सगळे "नको" उंबऱ्याबाहेर राहिले.

"ऐका हो आचारी! कांदा, लोणी, तळलेलं! सगळ्यांना!"

सून हात धुवून येईपर्यंत म्हातारीने ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं होतं. तोंड पुसून म्हणाली, "डॉक्टर बदललास ते फार बरं केलंस हं, मुली."

सुनेने गल्ल्यावर जो काही तोंडाचा पट्टा सोडला! बाईला असं कुणी बोलल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. बाई ऐकून घेत होती, म्हणजे बघा.

ते लोक गेल्यावर बाई दादाला म्हणाली, आणि ओरडून नाही, हळू, ते जास्त वाईट : "उद्या सुतार येतो. बिजागरी काढून टाकतो, भंगारात देते. त्यानंतर एकदा जरी चुकलात ना दादा, तर ॲप्रन उतरवा आणि घरी बसा. मी वहीत लिहून घेणारा माणूस ठेवते."

दुपारी खानावळ रिकामी झाली तेव्हा दादा माझ्याखाली येऊन उभा राहिला. तो ॲप्रन त्याच्या वडिलांचा. नाड्या बदलल्या होत्या, कापड तेच. त्याने वर बघून हळूच विचारलं, "बये, तूच आहेस ना कारण? तूच अस गं. नाहीतर मग मी म्हातारा झालो."

खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, जाऊ दे, घ्यावा आळ अंगावर. एवढा मोठा माणूस असा विचारतोय. पण मी कारण नव्हते. आणि माझ्या जाण्याने त्याचा ॲप्रन वाचणारही नव्हता, उलट पुढच्या पहिल्याच ताटाला गेला असता. हे त्याला ओरडून सांगायचं, तर तोंडात माशाचं तेल.

सकाळी सुतारकाका आले. माझे स्क्रू तेला-मेणात रुतून बसलेले, निघता निघेनात. शेवटी त्यांनी दारच्या दार उखडून भिंतीला टेकवलं, आमच्या दोघींसकट. बहीण पहिल्यांदा बोलली, "बघ, तुझ्यामुळे माझंपण बिऱ्हाड उठलं." मी म्हटलं, "गुणाचे, गप."

दाराच्या जागी आता नुसतं भगदाड. तव्यातला कांदा दणक्यात परतत होता. बाहेर चष्मेवाला, शिंपीण, आणखी दोघे-चौघे. बाईने कमरेवर हात ठेवले. "दादा, घ्या विचारून. आता कोण ओरडतं ते बघते."

सुतारकाका म्हणाले, "मला नुसता चहा." चष्मेवाला म्हणाला, "अंडं, उकडलेलं. उकडलेलं!" शिंपीण म्हणाली, "शूप." दादा ओठ घट्ट मिटून निघाला. डोळे समोर, कानशिलावर घाम. भगदाडाशी आला.

आणि नाक वर झालं.

"ऐका हो आचारी... कांद्याचं..." दादा थांबला. स्वतःचंच ऐकलं त्याने. मागे वळून बाईकडे बघितलं, आणि हात पाठीमागे ॲप्रनच्या नाडीकडे गेला.

आचाऱ्याचा उलथनं धरलेला हात हवेत. बाईचं तोंड असं झालं की जणू तीच चुकली होती. पण तोंडाने म्हणाली, "काका, दार परत लावा. मांजरं शिरतील."

सुतारकाकांनी टर्पेंटाईनची बाटली काढली, चिंधी भिजवली, आणि माझ्या सांध्यातलं तेल पुसायला लागले. पुसता पुसता कोपर लागलं. बाटली आडवी झाली, आणि सगळं टर्पेंटाईन उंबऱ्यावर.

"शेगडी बंद करा! भडका उडेल!" सुतारकाका ओरडले. आचाऱ्याने खटकन शेगडी विझवली, तवा उचलून मागच्या दाराने अंगणात पळाला. पंखा बंद, कांदा गेला. आणि टर्पेंटाईनचा असा वास चढला की डोळ्यांतून पाणी. शिंपिणीने पदर नाकाला लावला. दादाने चिमटीत नाक पकडलं, तोंड कडू केलं, म्हणाला, "मर मेलं!"

आणि त्याच दमात, नाक दाबून, गेंगाण्या आवाजात : "ऐका हो आचारी! सुतारकाकांना नुसता चहा! चष्मेवाल्याला उकडलेलं अंडं, चहा कोरा! शिंपीणबाईंना सूप, पातळ! खिडकीपाशी भात दोन, एकाला माशाशिवाय!"

सगळं बरोबर. एक ताट इकडचं तिकडे नाही. चष्मेवाला उठून उभा राहिला आणि त्याने टाळी वाजवली.

दादाने नाक सोडलं, परत धरलं. "काका, आणखी आहे का हो ते?" म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं, टर्पेंटाईनचं म्हणा हवं तर.

आचारी अंगणातून डोकावला आणि इतक्या वर्षांतलं सगळ्यात मोठं वाक्य बोलला. "म्हणजे बाई, दादाला घाण वासात सगळं आठवतं आणि छान वासात सगळं विसरतं, बिजागरीचा काही संबंध नाही, तो आपला कांदा आहे."

आहे ना! चौथीपासून मी वेगळं काय सांगत होते?

बाई तरातरा पुढे आली. आता तिला ओरडायला जागा मिळाली. "पण ही शेगडी इथे दारात आणली कुणी? शेगडीला पाय फुटले का? माझ्या भावाला वेडा ठरवायला निघालात सगळे! कुणाच्या डोक्यातून निघालं हे?" खरंच विसरली होती की सोंग होतं, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. दिवसभर तीही त्याच वासात बसायची, आणि कपाळावर चष्मा ठेवून चष्मा शोधायची, हेही खरं.

आचारी तव्याकडे बघायला लागला. सुतारकाका स्क्रू मोजायला लागले. शिंपिणीचा गाल एकदम दुखायला लागला.

"नाव सांगा!" बाई गरजली. "दादा, तुम्ही सांगा. भिऊ नका. जो कोण असेल त्याला आज मी भांडी घासायला बसवते."

जरा थांबा. नाव सांगते, पण आधी माझं एक मागणं ऐका, कारण नाव सांगितल्यावर तुम्ही माझं ऐकायचे नाही. आज मी परत माझ्या जागी आहे, वरती. कोरडी ठणठणीत, आवाज शाबूत. शेगडी मागच्या भिंतीला गेली. दादा कमरेने दार ढकलतो, मी किंचाळते, तो "मर मेली" म्हणतो, आणि सगळं बरोबर वाढतो. तुमच्याही घरात कुणीतरी असेल असं किरकिरं. त्याच्या तोंडात तेल ओतायच्या आधी जरा नाक वर करून बघा, गोड वास कुठून येतोय. बस, एवढंच.

तर दादाने ॲप्रनची नाडी परत घट्ट बांधली. बाईच्या डोळ्याला डोळा दिला. गळ्याला एकदा हात लावला, शपथेची माफी मागितल्यासारखा. आणि साऱ्या खानावळीला ऐकू जाईल अशा आवाजात, ताटं सांगतो तसा, म्हणाला :

"ठकी."